निवेदनावर सही करवत नाही, घरच्यांना तोंड कसं दाखवू?

पत्र

ताई, सप्रेम नमस्कार.

मी सोलापुरात माध्यमिक शाळेत इतिहास शिकवतो. गेल्या वर्षी आमच्या घरावर आभाळ कोसळलं. माझ्या मावसभावाची मुलगी क्लास सुटल्यावर घरी येत होती. दोन वर्षं तिच्या मागे लागलेल्या मुलानं तिला रस्त्यात गाठून वार केले. दवाखान्यात नेईपर्यंत ती गेली. आरोपी अटकेत आहे, आरोपपत्र दाखल झालंय, केस सेशन कोर्टात आहे.

मी पहिल्यापासून फाशीच्या बाजूचा. 2016 मध्ये कोपर्डीच्या घटनेनंतर मूक मोर्चे निघाले तेव्हा मीही चाललो होतो. आणि आता घरातच असं घडल्यावर माझं मत उलटं फिरायला लागलंय. माझी मुलगी लॉच्या शेवटच्या वर्षाला आहे. तिनं मला सुप्रीम कोर्टाचा 2019 चा एक निकाल वाचायला दिला. नाशिककडचा खटला. सहा जणांना फाशी झाली होती आणि सहाही निर्दोष सुटले. तो वाचल्यापासून झोप उडाली आहे.

इकडे भावकीनं आणि पेठेतल्या मंडळींनी कलेक्टरना द्यायला निवेदन तयार केलंय. केस जलदगती कोर्टात चालवा, आरोपीला फाशीच द्या, आणि सोलापुरातल्या एकाही वकिलानं त्याचं वकीलपत्र घेऊ नये, अशा तीन मागण्या. सगळ्यांच्या सह्या झाल्या, माझी राहिली आहे. परवा एक चुलते सगळ्यांसमोर म्हणाले, "घरातली लेक गेली तरी सरांना कायदा सुचतोय." मावसभाऊ काही बोलला नाही, नुसता बघत राहिला.

दर 12 जानेवारीला मी शाळेतल्या मुलांना चार हुतात्म्यांच्या पुतळ्यांपाशी नेतो. यंदा तिथे मनात आलं, यांनाही कोर्टानंच फाशी दिली होती. पण लगेच वाटतं, पुरावा शंभर टक्के असेल तर काय? मत बदलायला मला हीच वेळ मिळाली का? मी भित्रा झालोय का? सही करू की नको, आणि भावाला तोंड कसं दाखवू?

एक शिक्षक, सोलापूर

उत्तर

सर, नमस्कार.

सही करू नका. मात्र त्याच आठवड्यात भावाच्या घरी जा, आणि यापुढे केसच्या प्रत्येक तारखेला त्याच्याबरोबर कोर्टात जाऊन बसा. सही टाळली आणि घरीच बसलात, तर चुलते म्हणाले ते खरं होईल.

फौजदारी वकिलीत मी आरोपींच्या बाजूनं उभी राहिले आणि लेक गमावलेल्या आईबापांच्या शेजारीही बसले. तुमच्या भावाचं ते न बोलता बघत राहणं मला कळतं. मी स्वतः फाशीच्या शिक्षेच्या विरोधात आहे. हे आधीच सांगते, म्हणजे पुढचं वाचताना मी कुठे उभी आहे ते तुम्हाला ठाऊक असेल.

हुतात्म्यांचा मुद्दा मला पटला नाही, आणि तो तुम्ही घरात मांडू नये. 1930 च्या मे महिन्यात सोलापूरकरांनी इंग्रजांचा अंमल झुगारला, शहरावर मार्शल लॉ आला, आणि मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन यांना 12 जानेवारी 1931 ला येरवड्यात फासावर चढवलं. शहराला धडा शिकवायला परक्या सरकारनं दिलेली ती फाशी होती. आज ते नाव काढलंत तर कुणीतरी विचारेल, त्या पोराला तुम्ही हुतात्म्यांच्या ओळीत बसवता काय? त्यावर तुमच्याकडे उत्तर नसेल, आणि नसावंच. तुम्हाला त्या आधाराची गरजही नाही. खरं कारण तुमच्या मुलीनं तुमच्या हातात ठेवलंय.

बाकीच्या वाचकांसाठी तो खटला सांगते. जून 2003 ची गोष्ट. नाशिकजवळ पेरूच्या बागेत झोपडी बांधून एक कुटुंब राहत होतं. रात्री काही जण आत घुसले, लुटलं, बायकांवर अत्याचार केले, घरातल्या पाच जणांना मारून टाकलं. आई आणि एक मुलगा कसेबसे वाचले. पोलिसांनी सहा जणांना पकडलं, सगळे भटक्या जमातीतले, मोलमजुरी करणारे. 2006 मध्ये सेशन कोर्टानं सहाही जणांना फाशी दिली. 2007 मध्ये हायकोर्टानं तिघांची फाशी कायम केली आणि तिघांना जन्मठेप दिली. 2009 मध्ये सुप्रीम कोर्टानं त्या तिघांनाही परत फाशी दिली. म्हणजे देशातल्या सगळ्यात वरच्या कोर्टाची त्यावर मोहोर बसली.

पुढे पुनर्विचार अर्जावर ते प्रकरण नव्यानं ऐकलं गेलं, आणि तेव्हा एक गोष्ट पुढे आली. घटनेनंतर दोन-तीन दिवसांतच पोलिसांनी त्या वाचलेल्या आईला सराईत गुन्हेगारांचे फोटो दाखवले होते. तिनं त्यातल्या चौघांवर बोट ठेवलं होतं. ते चौघे या सहा जणांतले नव्हते. त्या चौघांवर खटलाच चालला नाही, आणि तिनं त्यांना ओळखल्याची बाब सरकार पक्षानं कोर्टापुढे येऊ दिली नाही. 5 मार्च 2019 ला सहाही जण निर्दोष सुटले, तोवर त्यांची सोळा वर्षं तुरुंगात गेली होती. त्यातला एक जण घटनेच्या वेळी अल्पवयीन होता, हे मधल्या काळात उघड झालं होतं. सरकारनं प्रत्येकाला पाच लाख रुपये द्यावेत असा कोर्टानं आदेश दिला.

आता या तारखा फळ्यावर लिहिल्यासारख्या डोळ्यापुढे आणा. फाशीची मागणी करताना आपण नेहमी "लवकर द्या" म्हणतो. त्या मागणीप्रमाणे झालं असतं तर 2009 च्या निकालानंतर वर्षभरात सहाही जण संपले असते आणि फाईल कायमची बंद झाली असती. मला या खटल्यात त्या सहा जणांइतकीच ती आई आठवत राहते. तिनं खरं काय ते पहिल्याच आठवड्यात सांगितलं होतं. तिचं सांगणं कपाटात गेलं, आणि तिच्या नावानं भलत्याच माणसांना फाशी झाली. तिला न्याय कुणी दिला? मावसभावाशी कधी या विषयावर बोलायची वेळ आलीच, तर त्या सहा जणांपेक्षा त्या आईबद्दल बोला.

पुण्यातला 1994 चा एक खटलाही असाच आहे. एका घरात सात जणांचे खून झाले. त्यात फाशी झालेला एक जण घटनेच्या वेळी साडेबारा वर्षांचा होता, हे राजस्थानातल्या त्याच्या शाळेच्या नोंदवहीवरून सिद्ध झालं आणि मार्च 2023 मध्ये सुप्रीम कोर्टानं त्याला सोडलं. साडेबारा वर्षं, सर. म्हणजे तुमच्या सातवीच्या वर्गातला मुलगा. अठ्ठावीस वर्षं तो आत होता आणि त्यातली बहुतेक फाशीच्या छायेत. गुन्हा भयानक होता, त्यात शंका नाही. पण कायद्यानं ज्याला फाशी देताच येत नाही त्याला ती दिली गेली आणि खालपासून वरपर्यंत कुणाच्या लक्षात आलं नाही.

"पुरावा शंभर टक्के असेल तर" हा तुमचा प्रश्न खरा आहे, तो झटकून टाकता येत नाही. तुमच्या पुतणीच्या केसमध्ये भर रस्त्यावरची घटना आहे, लोकांनी पाहिलं असेल. इथे माणूस चुकीचा पकडला गेला असेल असं मी म्हणत नाही. पण कलम एका केसपुरतं लिहिता येत नाही. "पुरावा पक्का असेल तिथेच फाशी" हे आपण आजही म्हणतोच, नाशिकच्या खटल्यातही तीन कोर्टांना पुरावा पक्काच वाटला होता. आणि गुन्हा कुणी केला हे नक्की असलं, तरी फाशी कुणाला द्यायची हे ठरवण्यातली गडबड उरतेच. ती मी जवळून पाहिली आहे.

आरोपी दोषी ठरला की शिक्षेबद्दल त्याचं म्हणणं ऐकायचं असतं. 1973 च्या फौजदारी प्रक्रिया संहितेपासून फाशी द्यायची तर खास कारणं लिहावी लागतात, आणि बच्चनसिंग खटल्यात 1980 मध्ये सुप्रीम कोर्टानं सांगितलं की ती दुर्मिळातल्या दुर्मिळ प्रकरणातच द्यावी, गुन्ह्याबरोबर गुन्हेगारही बघावा, तो सुधारण्यापलीकडे गेलाय हे सरकारनं दाखवावं. कागदावर हे असं आहे. कोर्टात काय होतं? जज्जसाहेब विचारतात, शिक्षेबद्दल काही सांगायचंय का. पिंजऱ्यातला माणूस आधी वकिलाच्या तोंडाकडे बघतो, मग हात जोडतो. "घरी म्हातारी आई आहे साहेब, बारकी पोरं आहेत." स्टेनो ते एका ओळीत उतरवतो. त्याला सरकारी खर्चानं मिळालेला वकील उठून वय कमी आहे, पहिलाच गुन्हा आहे एवढं म्हणतो, कारण त्या आईला तो कधी भेटलेलाच नसतो. सरकारी वकील दोन-तीन निवाड्यांचे दाखले देतात. दुपारच्या सुट्टीच्या आत माणूस जगणार की मरणार याची सुनावणी संपलेली असते. 2022 मध्ये सुप्रीम कोर्टानं मध्य प्रदेशातल्या एका खटल्यात बजावलं की आरोपीचं बालपण, मानसिक अवस्था, तुरुंगातली वागणूक याची माहिती खालच्या कोर्टानंच मागवायला हवी. बजावावं लागलं, यावरून तोवर काय चालत होतं ते ओळखा.

बच्चनसिंग खटल्यात न्यायमूर्ती भगवती एकटे वेगळ्या मताचे होते. त्यांचं म्हणणं होतं की फाशी कुणाच्या वाट्याला येईल हे समोर कोणते न्यायाधीश बसलेत यावर ठरतं, आणि ती बहुतेक गरिबाच्याच गळ्यात पडते. दिल्लीच्या राष्ट्रीय विधी विद्यापीठानं 2016 मध्ये फाशीच्या कैद्यांचा मोठा अभ्यास प्रसिद्ध केला, त्यात चारांतले जवळपास तीन कैदी आर्थिकदृष्ट्या दुबळे निघाले. त्याच अभ्यासात 2000 ते 2014 या काळातल्या खालच्या कोर्टांच्या फाशींचा हिशेब आहे. ज्या 1486 जणांचे निकाल वरपर्यंत लागले होते त्यांतले 443 जण पूर्ण निर्दोष सुटले, आणि शेवटपर्यंत फाशी टिकली ती शंभरातल्या पाचांचीही नाही. मला त्यात 443 हा आकडा बघवत नाही. हे सगळे "फाशीच हवी" म्हणून कोर्टाबाहेर घोषणा झालेले, कुठल्यातरी गावात पेढे वाटले गेलेले निकाल असतील.

सुप्रीम कोर्टालाही हे कबूल करावं लागलंय. महाराष्ट्रातल्याच एका खटल्यात 2009 मध्ये त्या कोर्टानं म्हटलं की 1996 च्या आपल्या एका निकालात गुन्हेगाराची परिस्थिती न बघता फाशी कायम केली गेली, ते बच्चनसिंगच्या विरुद्ध होतं, आणि त्या निकालावर विसंबून पुढेही अशा शिक्षा झाल्या. 2012 मध्ये चौदा निवृत्त न्यायमूर्तींनी राष्ट्रपतींना लिहिलं की अशा तेरा कैद्यांची फाशी रद्द करावी. त्याच चुकीत सापडलेल्या दोघांना तोवर फाशी देऊनही झाली होती. त्यांच्यासाठी आता कुठला अर्ज करायचा?

भीती बसते का, याबद्दल थोडक्यात. खुनाच्या आकड्यांवरून फाशीचा धाक सिद्ध करायचा प्रयत्न अमेरिकेत चाळीसेक वर्षं झाला. तिथल्या राष्ट्रीय संशोधन परिषदेनं 2012 मध्ये ते सगळे अभ्यास तपासले आणि धोरण ठरवायला यांचा उपयोग नाही असं सांगितलं. कॅनडानं 1976 मध्ये फाशी रद्द केली, तिथलं खुनाचं प्रमाण त्यानंतर वाढलं नाही, कमी झालं. नकार मिळाला म्हणून हत्यार घेऊन निघालेला पोरगा कलम बघून निघत नाही. त्याला दोन वर्षांत एकदा जरी पोलिस चौकीत बसवून ठेवला असता, त्याच्या आईबापांना बोलावून समज दिली असती, तर त्याचा उपयोग फाशीपेक्षा जास्त झाला असता. पाठलाग करणं 2013 पासून स्वतंत्र गुन्हा आहे. त्या दोन वर्षांत तक्रार झाली होती का, झाली असेल तर तिचं काय झालं, हे तुम्ही पत्रात लिहिलेलं नाही. निवेदनात मात्र हा प्रश्न असायला हवा.

तुम्ही विचारलंय, मी भित्रा झालोय का. घटना समितीत 3 जून 1949 ला फाशीच्या अपिलांचा विषय निघाला तेव्हा डॉ. बाबासाहेब आंबेडकर म्हणाले की आपण तर फाशीची शिक्षाच रद्द करण्याच्या बाजूनं उभे राहू. त्यांना भित्रा म्हणायची कुणाची छाती आहे? त्याच वर्षी नथुराम गोडसे आणि नारायण आपटे यांना फाशी होऊ नये म्हणून गांधीजींच्या दोन मुलांनी, मणिलाल आणि रामदास यांनी, विनंती केली होती. 15 नोव्हेंबरला अंबाल्यात ती फाशी झालीच. हे दुसरं उदाहरण फक्त तुमच्यासाठी आहे. मावसभावापुढे ते चुकूनही नेऊ नका. ज्याची लेक गेली त्याच्याकडून क्षमेची अपेक्षा करायचा अधिकार कुणालाच नाही, तुम्हाला नाही आणि मलाही नाही.

आणि वेळेबद्दल. घरावर वेळ आल्यावर मत बदललं म्हणून ते खोटं ठरत नाही. उलट आजवर तुमचं मत दुसऱ्यांच्या घरातल्या गोष्टींवर बसलेलं होतं. आता पहिल्यांदा त्याची किंमत तुम्हाला स्वतःला द्यावी लागतेय आणि तरी ते तुमच्या हातून सुटत नाही. 2016 मधला तुमचा संताप मी खोटा म्हणणार नाही. त्या मुलीसाठी लाखो माणसं रस्त्यावर आली, तेही शांतपणे, हे महाराष्ट्रानं मान वर करून सांगावं असंच होतं. पण पुढचं बघा. नोव्हेंबर 2017 मध्ये तिघांना फाशी झाली, बातम्या झाल्या, आणि घरच्यांच्या वाट्याला परत वाट बघणं आलं. सप्टेंबर 2023 मध्ये मुख्य आरोपीनं येरवड्यात आत्महत्या केली, तोवर हायकोर्टातलं प्रकरण संपलेलं नव्हतं.

पुण्यातल्या बीपीओमधल्या मुलीचा 2007 मध्ये खून झाला. दोघांची फाशी 2015 मध्ये सुप्रीम कोर्टानं कायम केली, 2017 मध्ये राष्ट्रपतींनी दयेचा अर्ज फेटाळला, जून 2019 ची तारीख ठरली, आणि सरकारनं अंमलबजावणीत घालवलेल्या वेळेमुळे त्याच जुलैत हायकोर्टानं फाशी रद्द करून पस्तीस वर्षांची कैद दिली. कोल्हापूरच्या बालहत्याकांडातल्या दोघी बहिणींची फाशीही अशीच दिरंगाईमुळे जानेवारी 2022 मध्ये जन्मठेपेवर आली. शिक्षा सुनावली गेली तेव्हापासून दोन दशकं उलटली होती. फाशी मागणाऱ्या घराला आपण हे कधी सांगत नाही. तुमच्या पुतणीच्या केसमध्ये आरोपी तरुण असेल आणि आधीचा गुन्हा नसेल, तर सेशन कोर्टानं फाशी दिली तरी ती शेवटपर्यंत टिकण्याची शक्यता कमीच. मावसभावाची पुढची पंधरा-वीस वर्षं त्या एका तारखेला टांगून ठेवायची का, याचा विचार भावकीनं केलेला दिसत नाही.

"जन्मठेप म्हणजे चौदा वर्षं, मग तो बाहेर येऊन फिरणार" हे त्याला कुणीतरी सांगितलंच असेल. ते चूक आहे. जन्मठेप म्हणजे उरलेलं सगळं आयुष्य. खुनासारख्या गुन्ह्यात सरकारला सूट द्यायची झाली तरी चौदा वर्षांच्या आत देता येत नाही, एवढाच त्या चौदाचा संबंध. शिवाय 2008 पासून, आणि 2015 च्या घटनापीठाच्या निकालानं पक्कं झाल्यापासून, हायकोर्ट आणि सुप्रीम कोर्ट पंचवीस वर्षं, तीस वर्षं किंवा मरेपर्यंत सूट मिळणार नाही अशी जन्मठेप देऊ शकतात. त्या पोराला समाजापासून लांब ठेवायला एवढं पुरेसं आहे. उद्या काही चुकलंय असं दिसलं तर ते दुरुस्तही करता येतं.

आता निवेदन. त्यातली पहिली मागणी योग्य आहे. तिसरी तुमच्या घराच्याच मुळावर येणारी आहे आणि ती कुणाच्या लक्षात आलेली नाही. आरोपीचं वकीलपत्र घेऊ नका असे वकील संघांचे ठराव बेकायदा आहेत, हे सुप्रीम कोर्टानं 2010 मध्ये स्पष्ट सांगितलंय. त्याहून मोठी अडचण पुढे येते. आरोपीला धड वकील मिळाला नाही, साक्षीदारांची नीट उलटतपासणी झाली नाही, की वरच्या कोर्टात तोच मुद्दा उभा राहतो, आणि कधी कधी खटला परत पहिल्यापासून चालवावा लागतो. मग ज्यानं ते डोळ्यांनी पाहिलं त्यानं परत पिंजऱ्यात उभं राहून तो दिवस सांगायचा. कसाबलाही वकील दिला होता. म्हणून तो निकाल वरपर्यंत टिकला.

फाशीची मागणी कलेक्टरकडे करून उपयोगही नाही, शिक्षा ठरवणं त्यांच्या हातात नसतं. तुम्ही इतिहासाचे शिक्षक, लिहायचा सराव आहे. दुसरं निवेदन लिहा. खटला रोजच्या रोज चालावा, अनुभवी विशेष सरकारी वकील मिळावा, साक्षीदारांना संरक्षण मिळावं (त्यासाठीची योजना सुप्रीम कोर्टानं 2018 मध्ये मान्य केली आहे), आणि आधीच्या तक्रारींवर काय कारवाई झाली याची चौकशी व्हावी. यावर सही करताना तुमचा हात अडणार नाही, आणि पेठेतल्या मंडळींचाही अडू नये.

भावाशी बोलायचं ते सगळ्यांसमोर बोलू नका. बैठकीत, चुलत्यांच्या देखत तर नाहीच. एकट्यानं त्याच्या घरी जा. मत बदलल्याची कहाणी सांगू नका, निकालांची प्रिंट नेऊ नका. एवढंच म्हणा: "अण्णा, त्या कागदावर मी सही करत नाहीये. फाशीबद्दल माझ्या मनाची तयारी होत नाही. पण त्या पोराला शिक्षा होईपर्यंत मी एकही तारीख चुकवणार नाही." त्याला तुम्ही काय म्हणून हाक मारता ते मला माहीत नाही, ती हाक घाला. तो विचारेल, तुझी मुलगी असती तर? खरं तेच सांगा. "माझी असती तर मीही फाशीच मागितली असती." पुढे युक्तिवाद जोडू नका. तो चिडेल, कदाचित चार महिने बोलणार नाही. तरी तारखेला जा आणि कोर्टाच्या व्हरांड्यात त्याच्या बाकावर बसा. भावकीला तुमचं मत समजावून सांगायची काही गरज नाही. विचारलंच तर "मी भावाशी बोललोय" एवढं पुरे.

कोर्टात तुमच्या हातून होण्यासारखं पुष्कळ आहे. सरकारी वकिलांच्या मदतीला भाऊ कोर्टाच्या परवानगीनं स्वतःचा वकील देऊ शकतो. फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी आलेल्या नव्या नागरिक सुरक्षा संहितेप्रमाणे वकील असेल तर आरोपपत्राची प्रत फिर्यादी बाजूच्या कुटुंबाला मोफत मिळते. ती घ्या आणि मुलीला वाचायला बसवा. दुकानाच्या कॅमेऱ्याचं फुटेज असेल तर ते ज्या मशीनमधून काढलं त्याचं प्रमाणपत्र जोडलंय का बघा, या एका कागदावाचून चांगला पुरावा वाया जातो. साक्षीदार कोण आहेत, त्यांना कुणी गाठतंय का, समन्स पोचलं का, याकडे लक्ष ठेवा. खुनाच्या केस पडतात त्या पुष्कळदा साक्षीदार फितूर झाल्यामुळे. आरोपी सुटला किंवा कमी कलमात दोषी ठरला तर भावाला स्वतः अपील करता येतं. नुसती शिक्षा कमी झाली म्हणून मात्र येत नाही, ते सरकारनं करायचं असतं. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे नुकसानभरपाईचा अर्जही करता येतो. "लेकीच्या जिवाचे पैसे" म्हणून घरचे नको म्हणतील. जबरदस्ती करू नका, पण मुदत निघून जाणार नाही एवढं बघा.

एक गोष्ट मला तुमच्या पत्रात खटकली. गेलेल्या मुलीच्या आईचा त्यात एकदाही उल्लेख नाही. भावकी काय म्हणते, चुलते काय म्हणतात, भाऊ कसा बघतो, सगळं आहे. तिला काय हवंय, हे कुणी विचारलंय का? दोन वर्षं तो पोरगा मागे लागला होता, ते घरात सगळ्यात आधी तिलाच कळलं असणार. म्हणजे ती बहुधा साक्षीदार असेल आणि तिची उलटतपासणी होईल. तक्रार का केली नाही, मुलगी त्याच्याशी फोनवर बोलत होती का, तिचे मेसेज तुम्ही वाचले होते का, असले प्रश्न परक्या माणसांसमोर तिला विचारले जातील. पहिल्यांदाच कोर्टात गेलेली बाई अशा प्रश्नांनी मोडून पडते.

तुमच्या मुलीला तिच्याकडे पाठवा. तिनं वहिनींना आधी एकदा कोर्ट दाखवून आणावं. पिंजरा कुठे असतो, जज्ज कुठे बसतात, प्रश्न कळला नाही तर परत विचारायला सांगता येतं, आठवत नसेल तर आठवत नाही म्हणायचं, पाणी मागता येतं, हे सांगावं. साक्षीत काय बोलायचं ते मात्र शिकवू नये. ते चूक आहे, आणि उलटतपासणीत उघडं पडलं तर केसलाच धोका. साक्षीच्या दिवशी मुलीनं तिला दिसेल अशा जागी बसावं. दोघींची आधीची ओळख जेमतेम असेल तर आत्तापासूनच जाणंयेणं सुरू करायला सांगा, तारीख पडायला अजून वेळ आहे.